भूमीचे मुद्दल

सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीवर पाऊल टेकण्यापूर्वी भूमातेची क्षमा मागावी, हा संस्कार आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी लहानपणीच होतो. पायाचा स्पर्श हाही अपराध मानणारी ही दृष्टी मोठी सूक्ष्म आहे. परंतु ज्या भूमीची आपण नुसत्या पदस्पर्शाबद्दल क्षमा मागतो, तिच्याच अंगावरची माती दर पावसाळ्यात आपल्या व्यवहारामुळे वाहून जात असेल, तर त्या अपराधाची क्षमा कोणी आणि कोणाजवळ मागावयाची? हा प्रश्न गेले वर्षभर आमच्या मनात घोळत आहे. तो सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही शेतीशास्त्राचे पंडित नव्हे. शालान्त परीक्षेपलीकडे आमचे शिक्षण नाही. जेथे चूक आढळेल तेथे जाणत्यांनी ती सुधारून घ्यावी.

देवाच्या नावे जी थोडी काळी जमीन आहे, ती दरवर्षी उन्हाळ्यात बोली लावून खंडाने दिली जाते, हे सभासदांस ठाऊक आहेच. गेल्या जून महिन्यात आम्ही खंडाच्या हप्त्यासाठी तेथे गेलो असता पहिलाच मोठा पाऊस आला. गव्हाची काढणी हार्वेस्टरने होऊन मागे राहिलेली धसकटे, ज्यांस इकडे नरवाई म्हणतात, ती एप्रिलमध्ये जाळून टाकली होती. पुढे दोन वेळा रोटाव्हेटर फिरवून माती पिठासारखी केलेली होती. अर्ध्या घटकेत त्या शेतातून ओघळ वाहू लागले आणि नाल्यास कढणासारखे दाट काळे पाणी आले. शेजारच्या शेतात मात्र गव्हाचे काड तसेच उभे होते आणि बांधावर गवत होते. पाऊस दोन्हींकडे सारखाच पडला. पण तेथून निघालेले पाणी थोडे होते, सावकाश येत होते आणि पुष्कळ निवळ होते.

आम्ही जमीन कसणाऱ्यास विचारले, “दादा, हे काड ठेवले असते तर?” तो माळवी बोलीत जे म्हणाला ते मराठीत असे: “महाराज, पुढच्या उन्हाळ्यात ही जमीन माझ्याकडे राहील, अशी हमी तुम्ही देता का? बांध मी घालावा, ताग मी पेरावा आणि पीक तिसऱ्याच्या घरी जावे, असे कोण करील?” यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

प्रथम मातीचे काय होते ते पाहू. पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. खाली पान, काड किंवा गवत असेल तर तो वेग तेथेच मोडतो आणि पाणी हळूच मातीत उतरते. जमीन उघडी असेल तर थेंबाच्या माऱ्याने ढेकूळ फुटते, त्यातील बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर एक पापुद्रा धरतो. मग पाणी आत न जिरता उताराने धावते आणि जाताना माती घेऊन जाते. काळ्या जमिनीचा स्वभाव तर विशेष आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यांतून पहिले पाणी खोल जाते. पण एकदा ती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी जिरण्याचा वेग फारच मंदावतो. म्हणून वर आच्छादन असणे हे तिच्या बाबतीत अधिकच अगत्याचे.

गेलेली माती डोळ्यांस दिसत नाही, हीच यातील मोठी फसवणूक आहे. एका एकरावरून केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर गेला तर त्याचे वजन सुमारे ५ टन भरते. एका मिलिमीटरने शेत खाली गेले, हे कोणाच्या लक्षात येणार? परंतु तेवढीच माती नव्याने तयार होण्यास निसर्गास कित्येक वर्षे लागतात आणि इंचभर थरास तर शतके लागतात. शिवाय वाहून जाते ती वरची, सर्वांत सुपीक माती.

येथे कोणी म्हणेल की हा सर्व दोष ट्रॅक्टरचा आणि नव्या काळाचा. पूर्वजांची रीतच निर्दोष होती. आमच्या मते हे म्हणणे पुरते खरे नाही. माळव्यात पूर्वी पुष्कळशी काळी जमीन पावसाळाभर पडीत ठेवून तण मारण्यासाठी वरचेवर वखरीत असत आणि ओल धरून ठेवून हिवाळ्यात गहू-हरभरा घेत. सोयाबीन आले ते सन १९७० नंतरच्या काळात. म्हणजे ऐन पावसात जमीन उघडी राहण्याची चाल जुनीच आहे. हैदराबादजवळ पटनचेरू येथील इक्रिसॅट या संशोधन संस्थेने सन १९७६ पासून काळ्या जमिनीवर दोन पद्धतींची शेजारी शेजारी तुलना चालविली. एका बाजूस पावसाळी पडीत ठेवण्याची जुनी पद्धत आणि दुसऱ्या बाजूस रुंद वरंबे-सऱ्या, पावसाळ्यातच पीक, त्यात तुरीसारखे कडधान्य आणि योग्य खत. अनेक वर्षांच्या सरासरीत पहिल्या पद्धतीत हेक्टरी साधारण १ टन धान्य आले, दुसरीत सुमारे ५ टन. आणि दुसरीत माती वाहून गेली ती पहिलीच्या जवळजवळ चौथाई. हा सगळा गुण एकट्या आच्छादनाचा नाही, हे खरे; पण जमीन झाकून ठेवणे आणि उत्पन्न वाढविणे ही एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आपल्या इंदुरास तर या विचाराचा मोठाच वारसा आहे. सन १९२४ पासून १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत होते. कपाशीच्या पळकाट्या, पालापाचोळा, शेण आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती यांपासून खत करण्याची जी रीत त्यांनी बसविली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली गेली. सन १९३१ मध्ये त्यांनी यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे सहलेखक यशवंत वाड हे होते. जो काडीकचरा मातीस परत करावा म्हणून या नगराचे नाव देशोदेशी गेले, तोच काडीकचरा आज याच नगराच्या भोवती उन्हाळ्यात पेटविला जातो. जाळल्याने काडातील बहुतेक नत्र हवेत जाते, वरच्या थरातील उपयोगी जीव होरपळतात आणि मातीचे कण बांधून ठेवणारे सेंद्रिय द्रव्य मिळेनासे होते.

उपाय अगदी अपरिचित नाहीत. काड न जाळता राखणे; नांगरट व पेरणी उताराला आडवी करणे; माती पीठ होईल इतकी न चाळविता गरजेपुरतीच मशागत करणे; सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेणे, म्हणजे सोयाबीन निघाल्यावरही शेत उघडे पडत नाही; जेथे पाणी आहे तेथे मूग, चवळी, ताग किंवा धैंचा पेरून तो मातीतच गाडणे. सोयाबीनच्या पानांनी जमीन झाकली जाण्यास महिना-सव्वा महिना लागतो आणि पहिला जोराचा पाऊस नेमका त्याच दिवसांत पडतो, म्हणून गव्हाच्या काडाचे मोल विशेष. मात्र येथे आग्रहाचा अतिरेक नको. कुंदा-हराळीने व्यापलेल्या रानात काही वर्षांनी एकदा खोल नांगरट करावीच लागते. आणि नांगर अजिबात सोडला तर तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते, तिचेही दोष आहेत. कोरडवाहू शेतात उन्हाळी ताग पेरा म्हणून सांगणे तर व्यर्थच होय. धर्म देशकाल पाहून ठरतो, तशीच मशागतही.

आता मूळ प्रश्न. माती गेली, याचे पाप कोणाचे? वरवर पाहता, ज्याने काडी लावली त्याचे. परंतु त्याचे बोलणे आम्हांस विसरता येत नाही. ज्यास एका वर्षापलीकडे जमिनीवर हक्क नाही, त्याच्याकडून दहा वर्षांच्या हिताची अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करावी? जो अटी ठरवितो त्याच्याकडे त्या अटींच्या फळाचा मोठा वाटा जातो. आणि अटी आपण ठरविल्या आहेत: जो अधिक बोली देईल त्यास जमीन, तीही एका वर्षापुरती.

सन २०२१ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील देवस्थान-जमिनींच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, जमिनीचा मालक देव. पुजारी हा केवळ तिची व्यवस्था पाहणारा. पुजाऱ्याच्या घरी जन्मलेल्या आम्हांस हे वाचून प्रथम थोडा विषाद वाटला, हे कबूल करतो. पण विचारांती त्यात मोठे तत्त्व दिसले. हिंदू कायद्यात देवास नित्य अज्ञान मानतात. म्हणजे लहान मुलाप्रमाणे त्याच्या मिळकतीस पालक लागतो. अज्ञानाच्या पालकाने काय करावे, हे सर्वांस माहीत आहे. व्याज खर्चावे, मुद्दलास हात लावू नये. धान्य आणि खंड हे व्याज आहे. माती हे मुद्दल आहे. नंदादीपाचे तेल विकत घेण्यासाठी आपण देवाचे मुद्दल नाल्यात सोडीत असू, तर तो दीप कोणाच्या पैशाने जळतो याचा विचार करावयास हवा. आणि हेच मुद्दल उद्या जन्मणाऱ्यांचेही आहे; तेही आज आपले म्हणणे मांडण्यास असमर्थच आहेत.

हे सर्व आम्ही वडिलांजवळ बोललो. ते काही वेळ स्वस्थ बसले आणि म्हणाले, “बाळ, खंड कमी आला तर पहिली काटछाट कोठे होईल, हे ठाऊक आहे ना?” ठाऊक आहे. आमच्या घरचे मानधन त्याच खंडातून येते. आजवर आमची चूल ज्या पैशावर पेटली त्यात त्या वाहून गेलेल्या मातीची किंमत आहे. म्हणून या दोषातून आम्ही स्वतःस वगळीत नाही. वडिलांच्या प्रश्नास आमचे उत्तर असे की, काटछाट आमच्यापासूनच सुरू व्हावी. त्यांनी त्यावर होकार दिला नाही, नकारही दिला नाही.

येत्या वार्षिक सभेपुढे आमची नम्र सूचना अशी: जमीन निदान पाच वर्षांच्या मुदतीने द्यावी, काड न जाळणे, बांधांवर गवत राखणे आणि आडवी पेरणी या अटी करारात घालाव्यात, त्यांच्या बदल्यात खंड थोडा कमी घ्यावा, आणि आज कसणाऱ्यास प्रथम विचारावे. एका शेताने नाल्याचे पाणी निवळ होणार नाही, हे आम्ही जाणतो. पण शेजाऱ्याच्या शेतातले पाणी निवळ येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. देवाच्या शेताने त्याहून मागे राहू नये, एवढेच मागणे आहे.