देवाचा आधार आणि मनुष्याचा यत्न

धावडा व त्याच्या आसपासच्या खेड्यांतील ख्रिस्ती बंधुभगिनी एक प्रश्न वारंवार विचारतात, आणि विचारणारे बहुधा प्रामाणिक विश्वासी असतात. ते म्हणतात, "पाळकसाहेब, सर्व काही देवाच्या सामर्थ्याने होते, स्वबळाने काही होत नाही, असे आपण सांगता. मग आम्ही श्रम का करावे? आणि श्रम केलेच, तर आमचा भरवसा देवावर नसून आपल्या हातांवर आहे, असे ठरत नाही काय?" हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात न्यावे, की घरीच प्रार्थना करीत बसावे, हा निर्णय कोणा आईबापांना आज रात्रीही करावा लागेल. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार झाला पाहिजे.

अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणां शेतकऱ्यांना याचे अर्धे उत्तर ठाऊकच आहे. मृग लागण्यापूर्वी आपण नांगरतो, वखरतो, बी निवडून ठेवतो. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही, हे १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्या वर्षी ज्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडून लेकरे जगविली, त्यांनी देवावरचा विश्वास सोडला होता, असे कोण म्हणेल? ती खडी फोडणारे हातही देवानेच दिले होते. त्याचप्रमाणे वैद्याची विद्या व औषधाचा गुण ही देवाचीच देणगी आहे. ती नाकारून आजारी लेकराला घरी ठेवणे हा विश्वास नव्हे. ती देवाची परीक्षा पाहणे आहे, आणि आपल्या प्रभूने रानात सैतानाला उत्तर देताना हेच करण्याचे नाकारले.

मग स्वबळावर विसंबणे म्हणजे काय? हे याकोबाच्या चरित्रावरून उत्तम कळते. आपल्या युक्तीवाचून आशीर्वाद मिळणार नाही असे समजून त्याने आंधळ्या बापाला फसविले आणि भावाच्या भीतीने पळ काढला. वाटेत बेथेल येथे देवाने त्याला दर्शन दिले, तेव्हाही त्याने अटी घालूनच नवस केला. वीस वर्षांनंतर तो परत निघाला, तो एसाव चारशे माणसे घेऊन येत आहे असे त्याने ऐकले. मग त्याने आपल्या लोकांच्या दोन टोळ्या केल्या, प्रार्थना केली, भावासाठी शेकडो जनावरांची भेट पुढे पाठविली, आणि स्वतः सर्वांच्या मागे राहिला. त्या रात्री त्याच्याशी झोंबी झाली आणि त्याच्या जांघेचा सांधा निखळला. ज्या पायांनी तो आजवर पळत आला होता, तेच लंगडे झाले.

आता पुढची गोष्ट उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात लक्षपूर्वक वाचावी. सकाळी एसाव दिसू लागला, तेव्हाही याकोबाने आपल्या बायकामुलांची नीट व्यवस्था लावली. योजना करणे त्याने सोडले नाही. परंतु या वेळी तो मागे राहिला नाही. तो सर्वांच्या पुढे होऊन भावाकडे चालत गेला. धडधाकट होता तेव्हा जो मागे लपत होता, तो लंगडा झाल्यावर पुढे झाला. देवावर भिस्त ठेवणाऱ्याचे श्रम कमी होत नाहीत. त्याचे लपणे मात्र संपते, कारण आता सारे आपल्या चातुर्यावर अवलंबून आहे असे त्याला वाटत नाही.

आपल्याच जालना भागात बेथेल नावाचे गाव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे उदाहरणही येथे उपयोगी आहे. इ. स. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनकडे आला होता. परंतु प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला पित्याच्या स्वाधीन करण्यात आले. वकिलांचा युक्तिवाद चालला नाही व भावाची माया पुरली नाही. त्या वेळी नारायणरावांच्या मनात काय आले असेल ते देव जाणे. आपणांस इतके दिसते की त्यांनी सेवा सोडली नाही आणि साधनेही टाकली नाहीत. पुढे ते जालन्यास आले व त्यांनी मांग, महार बांधवांत काम केले. नव्या ख्रिस्ती कुटुंबांना राहावयास ठिकाण हवे होते, म्हणून निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळविली. दिवाणाकडे हात पसरणे त्यांना अविश्वास वाटले नाही. पण गावाला त्यांनी दिवाणाचे नाव दिले नाही, आणि स्वतःचेही दिले नाही. बेथेल, म्हणजे देवाचे घर, हे नाव ठेविले. नारायणराव १८९१ साली निवर्तले. नाव मात्र देवाचेच राहिले.

तेव्हा आपला भरवसा कोठे आहे हे ओळखण्यासाठी आपण किती राबलो ते मोजू नये. खोटेपणावाचून काम साधणार नाही असे दिसते, त्या घडीला आपण काय करतो ते पाहावे. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारणारा शेतकरी आपल्या युक्तीला देव मानतो, मग तो दर रविवारी उपासनेस का येईना. वरिष्ठांना बरे दिसावे म्हणून हजेरीचा आकडा फुगविणारा उपदेशक हा कापूस भिजविणाऱ्याचाच भाऊ होय. आणि ज्याच्या सभेला चारच माणसे आली, व ज्याने अहवालात चारच लिहिली आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा त्याच वाड्याची वाट धरली, तो लंगडत का होईना, याकोबाप्रमाणे पुढे चालला आहे.

बंधूंनो, पेरणीला जावे, औषध आणावे, वही खरी लिहावी, आणि फळ देवावर सोपवून रात्री निश्चिंत झोपावे. असे करण्याची कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.