दौडीआधीची वैरण

मुलांसाठी लिहिलेल्या मराठी ऐतिहासिक गोष्टींत घोडा भरपूर धावतो, पण क्वचितच खातो. रात्रभर दौडतो, खंदक ओलांडतो, जखमी धन्याला गडाच्या दारात आणून सोडतो आणि तिथेच प्राण ठेवतो. पुढच्या पानावर दुसरा घोडा तयार असतो. दंतकथेशी माझं भांडण नाही. राणा प्रतापांचा चेतक पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनात घर करून आहे, तो दंतकथेच्याच बळावर. खुपतं ते एवढंच, की आपल्या गोष्टींतल्या घोड्याच्या पायाखाली सह्याद्री नसतो.

मुळशी खोऱ्यातल्या ताम्हिणीचंच घ्या. इथे घाटमाथा संपतो आणि वाट कोकणात उतरते. खाली निजामपूर, माणगाव, त्यापलीकडे रायगडाचा मुलूख. पावसाळ्यात आजच्या डांबरी रस्त्यावरसुद्धा धुक्यात चार हातांपुढचं दिसत नाही. जुन्या घाटवाटांच्या शेवाळलेल्या कातळावर नाल ठोकलेला घोडा चौखूर उधळेल कसा? स्वार खाली उतरतो, लगाम हातात धरतो, जनावराला चुचकारत एकेक पाऊल उतरवतो. अशा जागी पाठलागाचा सगळा थरार एका निसटत्या धोंड्यावर येऊन ठेपतो. याच डोंगररांगेत, कुरवंड्याच्या घाटाखाली उंबरखिंडीत, फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली गेली. दाट झाडी आणि अरुंद वाट यांपुढे मोठ्या फौजेचं काही चाललं नाही.

आणि पाऊस लागला की घोडदळ छावणीत परतायचं. दसऱ्याला पुन्हा मोहिमेवर निघायचं. मधल्या चार महिन्यांवर आपले लेखक एक ओळही खर्च करत नाहीत. १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र मात्र नेमकं त्याच महिन्यांबद्दल आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच बेहिशेबी उधळलीत, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं ते बजावतात. मग तुम्ही कुणब्यांच्या घरातलं धान्य, गवत, भाजी ओरबाडू लागाल आणि रयतेला मोगलांपेक्षा तुमचाच जाच वाटेल. पुढे ते आगीकडे वळतात. गवताच्या गंजीजवळ कुणी चूल पेटवेल, कुणी वाऱ्याचं भान न ठेवता तंबाखू ओढेल, रात्री जळता ठेवलेल्या दिव्याची वात उंदीर पळवून नेईल. गवत जळालं की घोडी वाचायची नाहीत.

राज्य चालवणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो, याहून मोठं साहस मुलांना काय दाखवायचं? मुलांना लढाई हवी असते, वैरणीचा हिशेब नको, असं कुणी म्हणेल. मला हे पटत नाही. पावसाची झड, भिजकी पागा, अंधारात फुरफुरणारी जनावरं, गंजीशी लुकलुकलेली ठिणगी आणि ती पहिल्यांदा पाहणारा मोतद्दाराचा पोर: यात कोणत्या लढाईपेक्षा कमी जीव आहे? सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याची नोंद आहे. ही माणसं आपल्या बालवाङ्मयात जवळजवळ नाहीतच. खरारा करणारा हात, तोबऱ्यात चंदी भरणारा हात मुलांच्या हातांच्या कितीतरी जवळचा आहे. तलवार त्यांना फक्त लांबून पाहता येते. मार्गरिट हेन्रीच्या ‘किंग ऑफ द विंड’ या कादंबरीचा नायक तबेल्यातला एक मुका मुलगा आहे. तिला १९४९ चं न्यूबेरी पदक मिळालं. आपल्याकडे गो. नी. दांडेकरांनी ‘झुंजार माची’सारख्या कादंबऱ्यांत गड आणि त्यांभोवतीची माणसं जिवंत केली. तसंच जिवंतपण पागेच्या वाट्याला यायला हवं.

चित्रकारांनाही एक विनंती. मुलांच्या पुस्तकांतला मावळी घोडा नेहमी उंचापुरा अरबी, पुढचे दोन पाय हवेत उचललेला. परदेशी घोडे होते, मोलानं घेतलेही जात. पण भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू ठेंगणं, काटक, थोडक्यात भागवणारं. ते चित्रात आलं तर मावळातल्या मुलाला त्याच्या पाठीवर आपला हात पोचेल असं वाटेल. आणि मजकुरात त्यानं रात्री काय खाल्लं, तेही यावं. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठे उतरले ते उपाशी माणसं आणि उपाशी घोडी घेऊन. ही उपासमार समजल्याशिवाय त्या दिवसाची गोष्ट मुलांना सांगताच येत नाही.