पासबुक आणि पाळी

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये सुरू झाली. उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. आज त्याच कारखान्यातला एखादा कामगार पन्नाशीतच मोकळं व्हायचं ठरवतो. पीएफच्या सक्तीच्या 12 टक्क्यांवर आपणहून आणखी थोडे टाकतो. बेत उत्तमच. पंचाईत होते ती पासबुक रोज उघडायची सवय लागली की. (व्याज तर वर्षातून एकदाच जमा होतं!) मग प्रत्येक पाळी म्हणजे नुसती वजाबाकी. भट्टीला मात्र तुमच्या निवृत्तीच्या तारखेशी देणंघेणं नाही. ती रात्रपाळीतही तेवढंच लक्ष मागते. आणि रेल्वेचे रूळ इथेच तयार होतात. नोकरी सोडल्यावर सवडीनं गोंदियामार्गे नागपूरला निघाल, तेव्हा गाडीखाली कदाचित तुमच्याच पाळीतला रूळ असेल.