ताट तापलं की काजळ धरत नाही

घरात बाळंतीण आली की आजी काजळ धरायची. देवळीत एरंडेलाचा दिवा, दोन्ही बाजूंना विटा, विटांवर पितळेचं ताट पालथं, आणि ताटाच्या पाठीवर ओल्या फडक्याची घडी. फडकं वाळत आलं की ती ते पुन्हा बुडवून, पिळून ठेवायची. हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ताट तापलं की काजळ धरत नाही." पुढे काही बोलली नाही. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका असं आता डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण आजीच्या त्या वाक्यात काही खोट नव्हती.

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावात तेव्हा माळवदाची घरं होती आणि घरोघर चूल. काजळी कुठे बसते हे बघायला वेगळं जावं लागत नव्हतं. चुलीवरच्या पातेल्याचं बूड डांबरासारखं काळं. आम्ही समजायचो, जाळाला सगळ्यात जवळ म्हणून काळं. खरं कारण जवळजवळ उलटं आहे. जाळ आठशे-हजार अंशांचा, आणि आत पाणी उकळत असेल तोवर पातेल्याचा पत्रा शंभराच्या थोडाच वर. जाळाच्या हिशेबाने ते बूड थंडगार आहे. काजळी बसते ती त्या गारव्यावर. म्हणूनच बायका पातेलं चुलीवर चढवण्याआधी बुडाला राख-मातीचा लेप द्यायच्या, म्हणजे काळं लेपावर बसतं आणि घासताना लेपासकट निघून जातं. हळद शिजवायच्या कढयांची तीच गत.

काजळीच्या कणाला थंड जागा कशी कळते? 1870 साली जॉन टिंडल हा आयरिश शास्त्रज्ञ धुळीच्या हवेत प्रकाशाचा झोत सोडून बघत होता. झोतात तापलेली वस्तू धरली की तिच्यावरून काळोखाचा एक पट्टा उठायचा. धूर नव्हे, काळोख. म्हणजे तेवढ्या हवेत प्रकाश विखुरणारी धूळच उरलेली नव्हती. धूळ जळून जात असेल असं आधी वाटलं. पण वस्तू धूळ जाळण्याइतकी तापलेली नसली तरी पट्टा दिसायचाच. पुढे 1880च्या दशकात स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने उलगडा केला: तापलेली वस्तू धूळ जाळत नाही, दूर सारते; आणि थंड वस्तूवर तीच धूळ येऊन बसते.

यामागचं कारण मी स्वतः पुष्कळ वर्षं अर्धवट सांगत आलो. कणावर चहूबाजूंनी हवेचे रेणू आदळत असतात, सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास वेगाने. गरम बाजूचे जास्त जोरात आदळतात, थंड बाजूचे कमी, म्हणून कण थंडीकडे ढकलला जातो. ऐकायला झकास. पण गरम हवा विरळही असते. मारणारे जोरकस, पण संख्येने कमी. पलीकडचे नरम, पण दाट. दोन्हीकडचा दाब सारखाच भरतो, नाहीतर वारा सुटला असता. मग कण हलायचं कारण काय?

जमाखर्च दाबाचा न मांडता येण्या-जाण्याचा मांडला की गाठ सुटते. हवा स्थिर आहे, म्हणजे गरम बाजूने जितके रेणू येतात तितकेच थंड बाजूने येतात. विरळपणाची कसर वेगाने भरून निघते. माणसं सारखीच आली, पण गरमाकडून आलेल्या प्रत्येकाच्या गाठोड्यात थोडं जास्त आहे. दोन्हीकडच्या गाठोड्यांतला हा फरक म्हणजेच वाहणारी उष्णता. मधे कण नसेल तर दोन्हीकडचा जोर मिळून एकच दाब होतो आणि तो सगळीकडे सारखा भरतो. कण मधे आला की तो त्या गर्दीची वाटणी करतो: एका अंगाला नुसते गरमाकडचे, दुसऱ्या अंगाला नुसते थंडाकडचे. तेव्हा फरक अंगावर येतो.

यातली मला सर्वांत विचार करण्यासारखी वाटते ती गोष्ट अशी, की कणाला उष्णता ढकलत नाही. भट्टीत सगळीकडे हजार अंश असतील तर कण कुठल्याही एका दिशेला सरकणार नाही. ढकलते ती तफावत, आणि तीही वाहती असेल तोवरच. शिवाय यात ओढणारं कुणी नाही. आपण सहज म्हणतो, थंड भिंत काजळी ओढून घेते. भिंत काहीच करत नाही. कणाला गारव्याची ओढ नसते, त्याच्या पाठीवरचे रट्टे पोटावरच्या रट्ट्यांपेक्षा जरा जड पडतात, एवढंच. एका रेणूला तर तापमानही नसतं. दिशा ठरते ती कोट्यवधी बेदिशा टकरांच्या बेरजेतून.

इथे कुणालाही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या आठवतील, आणि माणसंही तफावतीनेच ढकलली जातात असं लिहायचा मोह होईल. मला झाला. पण ही उपमा लंगडी आहे. कण उबेकडून गारव्याकडे जातो, माणूस रिकाम्या कणगीकडून भरल्या कणगीकडे. शिवाय माणूस उन्हाळ्यात परत येतो.

कणाला ढकलणारा हा जोर केवढा? सेंटिमीटरभर अंतरात शंभर अंशांचा फरक असेल तर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा कण सेकंदाला साधारण पाव मिलिमीटर सरकतो. तुम्ही म्हणाल, गोगलगायसुद्धा याहून पळेल. पण तोच कण आपल्या वजनाने खाली पडायचा तर सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम हजारावा भाग उतरेल. म्हणजे ताटापाशी, जिथे सगळी तफावत एका पातळ थरात दाटलेली असते, तिथे हा जोर गुरुत्वाकर्षणाला शेकडो पटींनी भारी पडतो. ओलं फडकं ती दाटी टिकवून धरायचं.

याच जोरावर आता काच बनते. ऑप्टिकल फायबर करण्याची एक पद्धत अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये 1974च्या सुमारास निघाली. काचेच्या फिरत्या नळीत वायू सोडायचे, बाहेरून ज्योत पुढेमागे सरकवायची. आत काचेचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ज्योतीच्या पुढच्या, अजून न तापलेल्या भिंतीवर जाऊन बसतात, ते याच ढकलण्याने. त्या धंद्यात या भुकटीला काजळीच म्हणतात, फक्त ती पांढरी असते. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरजवळ फायबर तयार होतं, आणि त्याची केबल आता गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत येऊन पोचली आहे.

रेणूंचे हे धक्के काही ठिकाणी मात्र नकोसे असतात. आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाच्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या उभ्या राहायच्या आहेत. केंद्र सरकारची तत्त्वतः मंजुरी 2016ची, पुरी मंजुरी 2023ची. तिथल्या नळ्यांत हवेचा दाब बाहेरच्या लाखकोटीव्या हिश्शाइतका खाली आणायचा असतो. उरलेसुरले रेणूही आरशांना धक्के देतात, म्हणून. पुढे अवकाशात हेच काम करणार असलेल्या लिसा मोहिमेची तर आमच्या ताटाशी सख्खी सोयरीक आहे. तिच्यातल्या सोने-प्लॅटिनमच्या जवळपास दोन किलोच्या ठोकळ्याच्या दोन बाजूंच्या तापमानात किंचितही तफावत चालत नाही, कारण निर्वातात उरलेला वायू ठोकळा ढकलू लागतो. आजी जी तफावत फडकं भिजवून राखायची, ती पुसून टाकायला तिथे माणसं झटताहेत.

परवा घरी एक प्रयोग केला. तेलाच्या एकाच दिव्यावर आधी स्टीलची रिकामी वाटी धरली, मग तशीच दुसरी, गार पाण्याने भरलेली. दोन्ही पाच-पाच मिनिटं, चिमट्यात. रिकाम्या वाटीवर काळं बसलं, पण विरळ, मधे करडं. पाण्याच्या वाटीवर बोट फिरवलं तर नख काळं झालं, आणि ते काळं मऊ होतं, अगदी डोळ्यांत घालायच्या काजळासारखं. पाणी कोमट व्हायला लागलं तसं मी ते बदललं. वाट्या घासायला राख नव्हती. डिशवॉशच्या वडीने निघेना. शेवटी नारळाची शेंडी घेतली.