स्वीकृत सदस्य ते निम्मे सभागृह

ठाणे महापालिकेची 2017 ची निवडणूक 131 जागांसाठी झाली. त्यांतल्या 66 जागा कायद्याने स्त्रियांच्या होत्या. खाडीपलीकडच्या कळव्यात, खारेगावात, विटाव्यात मतदार केंद्रावर पोचण्यापूर्वीच प्रभागातल्या जवळपास निम्म्या जागांवर बायका बसणार हे ठरलेले होते. याच महापालिकेची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1986 मध्ये झाली तेव्हा स्त्रियांसाठी एकही जागा राखीव नव्हती. शून्यापासून निम्म्यापर्यंतचे हे अंतर तीस वर्षांत कापले गेले. ते कापणारी कल्पना मात्र त्याहून जुनी आहे, आणि तिची वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर राखीव जागांना सर्वांत ठाम विरोध स्त्रियांनीच केला होता. 1935 च्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळांत स्त्रियांसाठी काही जागा ठेवल्या होत्या. त्या देताना मतदारांची धर्मवार विभागणीही आली, आणि म्हणून अखिल भारतीय महिला परिषदेसारख्या संघटनांना हे देणे नको होते. मुंबई प्रांतातून संविधान सभेवर गेलेल्या हंसा मेहता यांनी डिसेंबर 1946 मध्ये सभागृहात स्पष्ट केले की स्त्रियांनी राखीव जागा किंवा वेगळे मतदारसंघ मागितलेले नाहीत. त्यांची मागणी न्यायाची आणि समतेची आहे. या भूमिकेमागे विश्वास होता: मताचा अधिकार मिळाला, शिक्षण वाढले की प्रतिनिधित्व आपोआप येईल. ते आले नाही. पण त्या पिढीला भाबडे ठरवणे अन्यायाचे होईल. चळवळीत तुरुंग पाहिलेल्या बायकांना कुणाच्या कृपेची खुर्ची नको होती, इतकेच.

नंतर आली ती मात्र कृपेचीच खुर्ची. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये पंचायत समित्यांवर स्त्रिया व मुलांच्या कामात रस असलेल्या दोन स्त्रियांना स्वीकृत करून घ्यावे, असे सुचवले. महाराष्ट्राने 1961 च्या कायद्याने जिल्हा परिषदा उभ्या केल्या तेव्हा हाच मार्ग धरला. बाई निवडून आली तर ठीक, नाहीतर एक-दोन जणींना नेमायचे. नेमणूक निवडून आलेल्या पुरुषांच्या हाती. त्यामुळे नेमली जाणारी बाई बहुधा पुढाऱ्याच्या घरातली किंवा निदान त्याला अडचणीत न आणणारी असे. सभेत तिच्या वाट्याला महिला-बालकल्याण येई. रस्ते, पाटबंधारे, अंदाजपत्रक दुसऱ्यांकडे राही. स्त्री म्हणजे एक विषय, आणि त्या विषयाला एक प्रतिनिधी पुरे, असा हा विचार होता. कल्पनेची ही पहिली पायरी महाराष्ट्रात जवळजवळ तीस वर्षे टिकली.

तिला पहिला धक्का सभागृहाबाहेरून बसला. ठाणे जिल्ह्यात तर तो स्वातंत्र्यापूर्वीच बसला होता. 1945 पासून उंबरगाव, डहाणू, तलासरीच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे करणाऱ्यांत गोदावरी परुळेकर पुढे होत्या, आणि त्यांना कुणी नेमलेले नव्हते. शहरात ही जागा घेतली महागाईने. 1972 मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे व प्रमिला दंडवते आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एकाच व्यासपीठावर आल्या. लाटणी आणि थाळ्या घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. पक्षांच्या पुरुष नेत्यांना जी एकी क्वचित साधली ती रॉकेल, साखर आणि तेलाने साधून दिली. पुढे 1977 च्या लोकसभा निवडणुकीत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या दोघी मुंबईतून निवडून आल्या, 1980 मध्ये प्रमिला दंडवते. गोरेगावात नळ आणण्यासाठी झगडलेल्या मृणालताईंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. राजकारणात ज्याला किरकोळ समजत त्या पाण्याच्या प्रश्नावर बाई दिल्लीपर्यंत जाऊ शकते, हे त्या नावाने सिद्ध केले.

तरी या तिघींमागून बायकांची रांग लागली नाही. देशात स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या समितीने 1974 च्या अहवालात हीच अडचण मांडली. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांचे राजकीय बळ वाढण्याऐवजी अनेक बाबतीत आटले होते. समितीच्या बहुमताने विधिमंडळातल्या राखीव जागा तरीही नाकारल्या. लतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. राखीव जागा म्हणजे कमीपणा, असे मानणाऱ्या सुशिक्षित पिढीचा विश्वास इथे उघडपणे डळमळला. मजुमदार यांनी तर आपले पूर्वीचे मत बदलले होते, आणि ते त्यांनी लपवले नाही.

याच दशकात युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत होता. तिथल्या नगरपालिका निवडणुकीत मतदाराला पक्षाच्या यादीतली नावे खोडण्याची आणि आपल्या पसंतीच्या नावांना जादा वजन देण्याची मुभा होती. 1971 मध्ये स्त्री संघटनांनी ही मुभा शांतपणे वापरली. पुरुषांची नावे खोडली गेली, आणि निकाल लागला तेव्हा ऑस्लो, ट्रॉन्हाइम आणि आस्केर या तीन नगरपालिकांत बायकांचे बहुमत झाले होते. वर्तमानपत्रांनी त्याला स्त्रियांचे बंड म्हटले. धडा घेतला तो पक्षांनी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर छोट्या पक्षांनी आणि 1983 मध्ये मजूर पक्षाने आपल्याच नियमांत लिहून टाकले की कोणत्याही लिंगाचे उमेदवार चाळीस टक्क्यांहून कमी असणार नाहीत. संसदेसाठी देशाने कायदा केला नाही. पक्षांनी स्वतःला बांधून घेतले. मे 1986 मध्ये ग्रू हार्लेम ब्रुंट्लांड दुसऱ्यांदा पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांच्या अठरा जणांच्या मंत्रिमंडळात आठ स्त्रिया होत्या. पेशाने डॉक्टर असलेल्या ब्रुंट्लांड जगाला शाश्वत विकासाच्या अहवालामुळे अधिक ठाऊक आहेत, पण त्यांच्या देशाच्या सार्वजनिक जीवनावर त्या मंत्रिमंडळाची छाप अधिक खोल उमटली. 1993 च्या निवडणुकीत तिथे पंतप्रधानपदाच्या तिन्ही मुख्य दावेदार स्त्रियाच होत्या. पुढच्या वर्षी युरोपीय संघात जायचे की नाही यावर देश दुभंगला तेव्हा होकाराची बाजू ब्रुंट्लांड आणि नकाराची बाजू सेंटर पक्षाच्या आन्ने एंगर लानस्टाइन लढवत होत्या. नकार जिंकला. बायका एका बाजूच्या असतात हा समज तिथे तेव्हाच संपला.

1986 हेच वर्ष महाराष्ट्रातही वळणाचे ठरले. ठाण्यात महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती जुन्या रीतीने. मात्र 9 आणि 10 नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि खेड्यापाड्यांतून लाखोंनी बायका आल्या. कांद्याच्या आणि कापसाच्या भावासाठी लढणाऱ्या शरद जोशींच्या संघटनेने बाईच्या श्रमाचा, मारहाणीचा, मालमत्तेचा प्रश्न शेतीच्या प्रश्नाशी जोडला. त्यातून आलेला निर्णय शहरातल्या स्त्रीमुक्तीवाद्यांनाही चकित करणारा होता: जिल्हा परिषदांच्या निवडणुकांत संघटना सगळे उमेदवार बायकाच देईल. तीस टक्के नाही, निम्मेही नाही, शंभर टक्के. ही मागणी सरकारकडे नव्हती. ती स्वतःच्या संघटनेतल्या पुरुषांकडे होती, आणि म्हणून महाराष्ट्राच्या या इतिहासात नॉर्वेच्या सर्वांत जवळ जाणारा क्षण हाच.

त्याची परीक्षा जिल्हा परिषदेत व्हायची राहून गेली. 1979 नंतर रखडलेल्या जिल्हा परिषद निवडणुका थेट 1992 मध्ये झाल्या. गावपातळीवर मात्र 1989 मध्ये काही ठिकाणी सगळ्या बायकांच्या पॅनेलने ग्रामपंचायती जिंकल्या. यवतमाळमधले मेटीखेडा, जळगावमधले विटनेर ही त्यांतली गावे. पाणी, दारूबंदी, शाळा या कामांना तिथे पुढे स्थान मिळाले. विटनेरसारख्या गावांत पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीमही रुजली. सत्ता आणि सातबारा एकत्र मागावे लागतात, हे त्या बायकांनी पुस्तके न वाचता ओळखले होते.

सरकारला आता मागे राहणे परवडत नव्हते. कर्नाटकाने पंचायतींत 25 टक्के जागा राखून 1987 मध्ये निवडणुका घेतल्या होत्या. राजीव गांधींच्या सरकारने 1989 मध्ये आणलेले घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत पडले, पण तीस टक्क्यांचा आकडा त्याने सर्वांच्या तोंडी बसवला. शरद पवार मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने 1990 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी 30 टक्के जागा राखल्या. 1993 मध्ये 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि एक तृतीयांश ही देशभरची किमान मर्यादा ठरली. 22 जून 1994 रोजी राज्याचे महिला धोरण जाहीर झाले. त्याच दिवसापासून वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती अमलात आली. चांदवडचा सातबारा असा वळसा घालून कायद्यात पोचला. 2006 मध्ये बिहारने पंचायतींत निम्म्या जागा दिल्या, 2011 मध्ये महाराष्ट्रानेही टक्का पन्नासवर नेला.

कायद्याने जे साधले ते मोठे आहे. मुंबई महापालिकेत 1997 मध्ये राखीव असलेले आणि 2002 मध्ये खुले झालेले प्रभाग अभ्यासून रिखिल भवनानी यांनी दाखवले की अशा प्रभागात बाई निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे एकदा सक्तीने दार उघडले की ते पुरते बंद होत नाही. बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायतींवर राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांचा अभ्यास सांगतो की स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी स्त्रियांनी मागितलेल्या कामांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केला.

पण कायदा जसा वाढला तसे त्याला वळवण्याचे कसबही वाढले. राखीव प्रभाग सोडतीने ठरतो आणि पुढच्या खेपेला फिरतो. जिने पाच वर्षे गटार, पाणी आणि दिवाबत्ती समजून घेतली तिचा प्रभाग खुला होतो, आणि पक्ष तिला सांगतो, आता भाऊंना संधी द्या. सोडतीत प्रभाग महिलांसाठी निघाला की मावळत्या नगरसेवकाच्या घरातल्या बाईचे नाव पुढे येते. चौकातल्या फलकावर तिचा फोटो लहान आणि त्याचा मोठा. ‘नगरसेवकपती’ हा हुद्दा कुठल्याही अधिनियमात नाही, तरी प्रभाग समितीच्या कार्यालयात तो सर्वांना माहीत असतो. ठाण्यात 2012 मध्ये एका प्रभागातून दोन आणि 2017 मध्ये बहुतेक प्रभागांतून चार सदस्य निवडले गेले. या बहुसदस्यीय पद्धतीत प्रत्येक प्रभागाला बाई हमखास मिळते, हा फायदा. तोटा असा की एकाच घराला ‘अ’ आणि ‘ब’ जागा वाटून घेता येतात, आणि मतदाराने आपले गाऱ्हाणे नेमके कुणाकडे न्यायचे हे धूसर राहते. कळव्यासारख्या भागात, जिथे डोंगरउताराच्या चाळींना पाण्याचा दाब आणि खाडीलगतच्या वस्त्यांना भरतीचे पाणी हे रोजचे विषय आहेत, हा तोटा लहान नाही.

या कुरबुरीवरून राखीव जागा फसल्या असे म्हणणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. घराण्याच्या जोरावर निवडून येणारे पुरुष कमी नाहीत. त्यांना कुणी ‘मुलगाप्रतिनिधी’ म्हणत नाही. आणि नावापुरती म्हणून आलेली बाई दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतः फाइल मागू लागते, हेही महापालिकेच्या सभागृहांनी पाहिले आहे. खरी उणीव अन्यत्र आहे. महाराष्ट्रातल्या मोठ्या पक्षांनी ही कल्पना स्वतःवर लागू केली नाही. कायदा जिथे थांबतो तिथेच तिकिटे थांबतात. 2019 मध्ये 288 आमदारांत स्त्रिया होत्या 24, म्हणजे जेमतेम आठ टक्के. प्रतिभा पाटील विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या, पुढे राष्ट्रपतीही झाल्या. राज्याला स्त्री मुख्यमंत्री मात्र 1960 पासून मिळालेली नाही. 2009 मध्ये अस्तित्वात आलेल्या मुंब्रा-कळवा मतदारसंघाने चारही विधानसभा निवडणुकांत एकाच पुरुष आमदाराला निवडले आहे, आणि त्याच परिसरातून महापालिकेत मात्र स्त्री सदस्यांची संख्या कायद्याने भरत आली.

स्थानिक पातळीवरचा हा वाटाही निवडणूक होण्यावर अवलंबून आहे. ठाण्यासह राज्यातल्या अनेक महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपली, आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या खटल्यांत निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. त्या काळात सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. लोकसभा आणि विधानसभांसाठीचा प्रश्न 1996 मध्ये पहिल्यांदा विधेयकाच्या रूपात संसदेत आला. 27 वर्षांनी, सप्टेंबर 2023 मध्ये, 106 व्या घटनादुरुस्तीने तिथेही एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची तरतूद झाली. या तरतुदीची अंमलबजावणी जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली आहे, तिची मुदत पंधरा वर्षांची आहे, आणि स्थानिक संस्थांप्रमाणे इथेही राखीव मतदारसंघ फिरते असणार आहेत. पक्षांनी खुल्या जागांवर किती स्त्रियांना उमेदवारी द्यावी, याबद्दल या दुरुस्तीत काहीही नाही.