एकजीव होण्याचे भय

मानवी शरीराचे विघटन किंवा अनैसर्गिक रूपांतर हेच ज्याच्या भयाचे मूळ असते, अशा चित्रपटाला ‘बॉडी हॉरर’ म्हणतात. मराठीत त्याला देहभयपट म्हणता येईल. भूतपटातील संकटापासून निदान पळून तरी जाता येते, परंतु देहभयपटातील संकट कातडीच्या आतच असल्यामुळे पात्राला जायला जागा उरत नाही. या प्रकाराविषयी सुजाण प्रेक्षकाच्या मनात अढी असते, आणि रक्तमांसाच्या भडक प्रदर्शनापलीकडे न जाणारे अनेक चित्रपट पाहता ती अकारण म्हणता येत नाही. कॅनडाचे दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्ग यांचा १९८६ मधील ‘द फ्लाय’ मात्र या अढीला पुरून उरतो, कारण त्यातील किळस प्रेमकथेच्या पोटातूनच जन्मते.

संस्कृत काव्यशास्त्रात जुगुप्सा, म्हणजे किळस, हा ज्याचा स्थायी भाव आहे तो बीभत्स रस शृंगाराचा विरोधी मानला गेला आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हा विरोध नोंदवलेला आहे. क्रोननबर्ग हे दोन्ही रस एकाच देहावर आणून ठेवतात, आणि त्यांच्या संघर्षातून करुण निर्माण करतात.

सेथ ब्रंडल (जेफ गोल्डब्लम) या शास्त्रज्ञाने वस्तू एका कक्षातून दुसऱ्या कक्षात क्षणार्धात पाठवणारे यंत्र बनवलेले असते; निर्जीव वस्तू त्यातून सुखरूप जातात, पण सजीव प्राणी जात नाही, कारण यंत्राला मांस म्हणजे काय ते उमगलेले नसते आणि एकाकी ब्रंडलला तरी ते कुठे उमगलेले असते! पत्रकार व्हेरॉनिका (जीना डेव्हिस) हिच्या सहवासात त्याला देहाची ओढ कळते आणि त्यानंतरच यंत्राला ती शिकवण्याची वाट त्याला सापडते. पुढचा अनर्थही प्रेमातूनच घडतो: ती पूर्वीच्या प्रियकराकडे परतली असा समज करून घेऊन, मत्सराने आणि मद्याने बेभान झालेला ब्रंडल स्वतःच यंत्रात शिरतो, त्याच्यासोबत एक माशी आत जाते, आणि दोन जीव आढळल्यावर गोंधळलेला संगणक त्यांना जनुकांच्या पातळीवर एकजीव करून टाकतो.

कुर्ट न्यूमन यांच्या १९५८ च्या मूळ चित्रपटात माणूस आणि माशी यांच्या अवयवांची अदलाबदल एका फटक्यात होते. इथे मात्र बदल दुर्धर आजारासारखा हळूहळू चढत जातो, आणि म्हणूनच नात्याला त्याच्यासमोर उभे राहायला वेळ मिळतो. बऱ्याच दिवसांनी व्हेरॉनिका भेटायला येते तेव्हा ब्रंडल काठ्यांच्या आधाराने चालत असतो. खाण्यापूर्वी तो अन्नावर पाचक द्रव ओकतो आणि स्वतःच ओशाळतो. मग त्याचा कान गळून हातात येतो आणि भेदरलेला तो मदतीची याचना करतो. ती क्षणभर थिजते आणि त्याला मिठीत घेते. प्रेक्षक नजर वळवू पाहत असताना ती त्याला जवळ ओढते, आणि त्या एका मिठीत बीभत्साचा करुण होतो. ख्रिस वॉलस आणि स्टीफन ड्यूपुई यांच्या ऑस्करविजेत्या रंगभूषेचे खरे यश इथे आहे, कारण त्या थरांखालूनही गोल्डब्लमचे डोळे आणि त्यातली लाज दिसत राहते.

अनेक समीक्षकांनी या कथेत तत्कालीन एड्सच्या साथीची छाया पाहिली, तर क्रोननबर्ग यांनी एकूणच आजार आणि वार्धक्य यांवर भर दिला. दुसरा अर्थ अधिक व्यापक वाटतो. प्रिय माणसाचा देह डोळ्यांदेखत ओळखीपलीकडे जाताना पाहणे बहुतेक घरांच्या वाट्याला येते, आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला किळस व माया एकाच हाताने हाताळाव्या लागतात, हे सांगायला त्याला चित्रपटाची गरज नसते.

शेवटाकडे ब्रंडल स्वतःला, व्हेरॉनिकाला आणि तिच्या पोटातील गर्भाला यंत्रातून एकत्र करू पाहतो. प्रेमिकांच्या बोलीतील ‘एकजीव होणे’ हा शब्दप्रयोग तिथे शब्दशः खरा होऊ लागतो आणि अंगावर काटा आणतो, कारण दुसऱ्याचे वेगळेपण पुसून टाकणारी ओढ प्रेमाच्याच भाषेत बोलत असते. तो बेत फसतो, आणि यंत्राच्या धातूशी जोडला गेलेला तो जीव सरपटत येऊन तिच्या हातातील बंदुकीची नळी आपल्याच डोक्याला लावतो. त्या मूक विनवणीत ब्रंडल पुन्हा माणूस होतो. व्हेरॉनिका रडत चाप ओढते आणि चित्रपट तिथेच संपतो.