वानरीचे चित्र

दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर या दिवसांत देशभर वन्यजीव सप्ताह साजरा होतो आणि त्या निमित्ताने शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा भरतात. धारवाडातील अशाच एका स्पर्धेसाठी काही वर्षांपूर्वी आम्हांस परीक्षक म्हणून बोलावणे आले होते. विषय होता ‘आपल्या परिसरातील वन्यजीव’. आलेल्या चित्रांत निम्म्याहून अधिक वाघ होते आणि ते बहुतेक सगळे एकाच धबधब्याशेजारी उभे होते. काळी नदीच्या जंगलात वाघ आहेत, नाहीत असे नाही. परंतु मुलांनी ते पाहिले नव्हते, त्यांनी कॅलेंडर पाहिले होते. दोन पेंग्विनही होते. त्या ढिगातून सातवीतल्या एका मुलीचे, नुसत्या पेन्सिलीने काढलेले चित्र निघाले. कौलांच्या कडेवर एक वानरी बसली आहे, तिची शेपटी भिंतीवरून खाली सुटली आहे आणि तिच्या एका हातात पिलू लोंबते आहे. पिलाची मान अशी कलली होती की ते जिवंत नाही हे निराळे सांगावे लागत नव्हते.

आम्ही त्या चित्रास बक्षीस दिले नाही. मुलांच्या समारंभात असे अमंगळ काही नको, यावर परीक्षकांचे चटकन एकमत झाले, आणि त्या मतात आमचेही मत होते. निकालानंतर ती मुलगी जवळ आली. तक्रार करण्यासाठी नव्हे. तिला खरोखरच विचारायचे होते. ‘‘सर, मी तीन दिवस बघत होते. ती त्याला टाकतच नव्हती. मग मी काय काढायला हवं होतं?’’ आम्ही रंग भरले असते तर बरे झाले असते, असे काहीसे पुटपुटलो.

हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे. मुलांना भोवतालच्या प्राणिसृष्टीची ओढ लागावी म्हणून आपण त्यांच्या हाती कागद देतो. परंतु त्या सृष्टीत त्यांना जे दिसेल ते आपल्याला चालणार आहे काय? की गोंडस असेल तेवढेच पाहा, असा आपला अलिखित नियम आहे?

या संदर्भात आपल्या गावाचा एक इतिहास पुष्कळांना ठाऊक नसतो. १९६१ ते १९६३ या काळात युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ धारवाडजवळच्या जंगलात हनुमान वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास करीत होते. १९६२ मध्ये त्यांनी जे पाहिले ते तोवर वानरांच्या अभ्यासकांनी नोंदवलेले नव्हते. बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला करून तिच्या म्होरक्यास हुसकले, त्यांतील एका नराने ती टोळी ताब्यात घेतली आणि मग तिच्यातील पिले मारली गेली. सुगियामांनी हे १९६५ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा पुष्कळ विद्वानांना ते मानवले नाही. दाटीमुळे आलेली ही विकृती असावी, असे म्हटले गेले. हाच तर्क तपासण्यासाठी सारा ब्लॅफर हर्डी ही अमेरिकन संशोधिका १९७१ मध्ये अबूच्या पहाडावर गेली आणि तेथे तिचे मत पालटले. ही विकृती नसून नराच्या वंशवृद्धीचीच एक रीत आहे, असे तिने १९७७ च्या आपल्या ग्रंथात मांडले. म्हणजे मोठमोठ्या विद्वानांनीही आधी धबधब्याकाठच्या वाघालाच बक्षीस दिले होते, असे म्हणता येईल. (यात आमच्या चुकीला आधार शोधण्याचा मोह आहे, हे आम्ही जाणतो.)

मराठी वाचकास येथे व्यंकटेश माडगूळकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी वानरांच्या टोळ्यांच्या अशाच संघर्षावर उभी आहे आणि तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माडगूळकर लेखक होते तसेच चित्रकारही होते. जंगलात जाऊन रेखाटने करण्याची सवय असलेल्या माणसाने ती कथा लिहिली, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. कारण शब्द फार लवकर निवाडा करतात. ‘हत्या’ म्हटले की खुनी आला. ‘सत्ता’ म्हटले की आपले राजकारण आले. पेन्सिलीला मात्र आधी खांदा कोठे संपतो आणि बोटे कशी मिटली आहेत, हे ठरवावे लागते. त्या मुलीच्या चित्रातील पिलू नराच्या दातांनी गेले की विजेच्या तारेने, हे चित्रावरून कळत नव्हते. तिला ते ठाऊक नव्हते, म्हणून तिने ते काढलेही नव्हते. एवढा प्रामाणिकपणा आमच्या लेखनात क्वचितच असतो.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो हलका नाही. दुसऱ्याचे दुःख समोर असता ते रेखाटीत बसणे, यात एक निष्ठुरता नाही काय? अफू व मद्याने झिजून मरणपंथाला लागलेल्या इनायत खान या सरदाराचे चित्र १६१८ मध्ये जहांगीराने मुद्दाम काढवून घेतले होते. ते चित्र पाहताना आपण चित्रकारास दाद देतो खरी, पण बादशहाबद्दल मन साशंक राहते. तरीही या दोन गोष्टी एक नव्हेत, असे आम्हांस वाटते. बादशहाने मरणाऱ्यास आपल्यापुढे आणविले. ती मुलगी जेथे होती तेथेच, दूर, तीन दिवस बसून राहिली. त्या वानरीस तिच्यामुळे जागा सोडावी लागली नाही. मुलांना रानात वा माळावर नेताना हा भेद त्यांना आधी सांगितला पाहिजे. घरट्यापाशी जाऊन काढलेले सुंदर चित्र आम्ही तरी वाईटच मानू.

आपली घराणी या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मंग्याशी, म्हणजे इथल्या वानराशी, आपले नाते काय? शनिवारी मारुतीच्या देवळापाशी त्याला केळे द्यायचे आणि रविवारी कौले फोडली म्हणून काठी घेऊन धावायचे. देणे आणि हाकलणे, या दोन्हींत आपण त्याच्याकडे नीट पाहत नाही. माळमड्डीतल्या जुन्या घरांच्या कौलांवरून त्याच्या किती पिढ्या गेल्या असतील, पण त्याचे कान कसे असतात हे आम्हांस विचाराल तर सांगता येणार नाही. त्या मुलीला ते येत होते. चित्रात दोन्ही कान होते, आणि एक फाटलेला होता.

आता आम्ही परीक्षक म्हणून जात नाही. पुन्हा कोणी बोलावलेच, तर प्रत्येक मुलास इतकेच विचारू, की हे तू कोठे पाहिलेस आणि किती वेळ. त्या वर्षीची चित्रे मुलांना परत करायची राहून गेली. वानरीचे चित्र आमच्या कपाटात आहे. मागे मुलीचे नाव व वर्ग लिहिलेला आहे. शाळेत चौकशी केली तेव्हा ते कुटुंब बदली होऊन गाव सोडून गेल्याचे कळले.